शिकारीच्या पिशवीचं वजन

बाबा, तुम्ही कुठलीही वस्तू बघायच्या आधी उचलायचात. कापड असो, तांब्या असो, नाहीतर बाजारातली सुरमई असो, आधी हातात घ्यायची, जरा खालीवर करायची आणि मग तोंड उघडायचं. "हाताला लागलं पाहिजे," म्हणायचात. हाताला लागलं नाही तर ती वस्तू तुमच्या लेखी नव्हतीच. ह्या एका सवयीवरून आपण दोघं किती भांडलो असू! आणि भांडण अर्धवट टाकून तुम्ही निघून गेलात, हे काही बरं केलं नाहीत. माझ्याकडे अजून मुद्दे शिल्लक आहेत. म्हणून आज लिहायला बसलेय. वय झालंय माझं, पण तोंड अजून शाबूत आहे.

मी कुवेतला आले ती तुमच्या भाकऱ्या थापायला. नवरा गेला, सासरी मी कुणाला नको झाले, आणि तुम्ही गावी निरोप धाडलात की पोरीला बोटीवर बसवा, इथे माझे खायचे हाल होतायत. खायचे हाल कसले! तुम्ही माझ्यापेक्षा चांगलं सार करायचात. पण असं काही म्हटल्याशिवाय गावाने मला सोडली नसती, हे तुम्हाला पक्कं ठाऊक होतं. समुद्राकडच्या गल्लीत आपलं दुकान. पुढे शिडं पसरायची मोकळी जागा, मागे पडदा, पडद्याआड चूल आणि मी. सगळ्या गल्लीला बोटींना चोपडायच्या माशाच्या तेलाचा वास. पहिले काही दिवस मला अन्न जात नव्हतं, मग तो वास नाहीसाच झाला. तुम्ही तळहाताला चामड्याचा पट्टा बांधून मांडी घालून बसलेले, सुई ढकलताय, दोऱ्याला मेण लावताय, आणि गुडघ्यावर शीड असं पसरलेलं की तुमचे पायच दिसत नाहीत. एकदा तुमच्या अंगात ताप होता म्हणून पडद्याआडून मी एक कड शिवून दिली. ताप उतरल्यावर तुम्ही ती कड नखाने खरवडून बघितलीत आणि काही न बोलता दुसरं कापड माझ्याकडे सरकवलंत. त्या दिवसापासून भाकऱ्या करपायला लागल्या.

मग इंजिनं आली. इथले लोक ज्यांना नोखदा म्हणतात आणि आपण नाखवा म्हणतो, ती सगळी मंडळी एकामागून एक बोटींना इंजिन बसवायला लागली. शीड म्हणजे अडीअडचणीला ठेवायची वस्तू झाली. थंडीत वाळवंटात जाणाऱ्यांचे तंबू आणि दुकानांच्या पुढच्या कनाती एवढ्यावर आपली चूल पेटत होती. एका सकाळी चहा पिता पिता तुम्ही म्हणालात, "हा हिवाळा काढू, मग गाशा गुंडाळू." गावी चुलत्याने माझ्यासाठी स्थळही बघून ठेवलं होतं. दोन बायकांना पोचवून तिसरीची वाट बघत बसलेला माणूस! मी चहाचा पेला खाली ठेवला आणि म्हटलं, मी जाणार नाही. तुम्ही म्हणालात, "खाणार काय?" पण सुई हातात आल्यापासून पहिल्यांदाच मला वाटत होतं की मी कुणाच्या दारात उभी नाही. ते सोडून मी कुठेही जाणार नव्हते, मग तुम्ही कितीही डोळे वटारा.

आणि नेमका त्या आठवड्यात मीना अल-अहमदी ह्या तेलाच्या बंदराच्या धक्क्यावरचा तो इंजिनिअर साहेब आला. उंच, लालबुंद, नाकाची सालं निघालेली. आधी मुंबईच्या गोदीत काही वर्षं काढलेला, त्यामुळे हिंदी बोलायचा, आणि बरी बोलायचा. सुट्टी मिळाली की हा समोरच्या इराणात जायचा, डोंगरात रानबकऱ्यांच्या शिकारीला. तिथे ना रस्ता, ना खेचर. बंदूक, कांबळं, पाणी, शिधा सगळं पाठीवर, आणि शिकार मिळाली तर उतरताना मांस आणि शिंगंही पाठीवरच. त्याच्याकडची लढाईच्या काळातली पिशवी चिंध्या होऊन आली होती. तो म्हणाला, "उस्ताद, जाते वक्त हलकी चाहिए, आते वक्त मजबूत." चांगली झाली तर धक्क्यावरच्या त्याच्या शिकारी दोस्तांनाही एकेक हवी होती. मी पडद्याआड ऐकत होते आणि मनात हिशेब मांडत होते. तंबू वर्षातून एकदा शिवायला येतात, पण ह्या साहेबलोकांची हौस बारमाही.

तुम्ही काय केलंत, आठवतंय ना? घरातलं सगळ्यात जाड शिडाचं कापड काढलंत, तेही दुहेरी. आणि वर पिशवीच्या तोंडाला, सगळीकडून गोल, दोर शिवलात! शिडाच्या कडेला लावतात तसला जाडजूड दोर. जगात दुसऱ्या कुठल्या शिंप्याच्या हे डोक्यात आलं नसतं. पिशवी रिकामी असताना जमिनीवर आपली आपण उभी राहायची. तुम्ही तिच्याभोवती फिरून तिच्याकडे असे बघत होतात की जणू घरात नवा जावई आलाय. साहेबाने ती उचलली, पाठीला लावली, दोन पावलं टाकली आणि हसला. तुम्ही म्हणालात, "साहब, आपके पोते तक टिकेगी." तो म्हणाला, "ये तो टिकेगी, उस्ताद. लेकिन ऊपर तक मेरे को भी तो टिकना है." पिशवी तिथेच ठेवून, परत येतो म्हणून तो निघून गेला. तुम्ही त्या दिवशी जेवला नाहीत.

मग मी ती पिशवी गच्चीवर नेली. तिच्यात ओली वाळू भरली, बाहेरून सगळीकडे कपड्यांची नीळ कालवून फासली, पाठीवर घेतली आणि उन्हं कलल्यावर, असरच्या नमाजानंतर, गच्चीवर फेऱ्या मारायला लागले. बसले, उठले, भिंतीला घासले, खाली आपटली. खालून तुमचा आवाज, "काय गो बाय, डोक्यावर घोडा नाचतोय काय?" मी काही थांबले नाही. खांदे सोलून निघाले, कमरेत उसण भरली, तरी फिरत राहिले. मला बघायचं होतं की नीळ कुठे पुसली जाते. बुडाची पार गेली. पाठीला टेकते तिथली गेली. पट्टे जिथे शिवलेत तिथला टाका ताणून पांढरा पडला. आणि तुमच्या त्या दोर लावलेल्या तोंडाला निळीचा रंग जसाच्या तसा, त्याला कुणी बोटसुद्धा लावलं नव्हतं. मी पिशवी तुमच्या पुढ्यात ठेवली. तुम्ही म्हणालात, "शिडाचा सगळा जीव कडेत असतो." मी म्हटलं, "बाबा, हे शीड नाही. शिडाला वारा ओढतो. हिला खांदा ओढतो आणि दगड घासतो." तुमच्या भुवया वर गेल्या. "तू मला शिकवतेस?" "हो," मी म्हटलं. आता आठवून माझंच मला हसू येतं.

दुसरी पिशवी मी शिवली. अंगाला तंबूचं पातळ, घट्ट विणीचं सुती कापड, एकेरी. पट्ट्यांच्या मुळाशी मात्र एकावर एक ठिगळं, पंख्यासारखी पसरत गेलेली, तुम्ही शिडाच्या कोपऱ्याला लावता अगदी तशीच. बुडाला जाड कापडाचा एक थर. सकाळी उठून बघते तर बुडाला दुसरा थर लागलेला, आणि टाके तुमचे! मी चिडले, उसवायला निघाले, मग हात फिरवून बघितला आणि कात्री ठेवून दिली. ते तुमचं बरोबर होतं. झाकणाच्या आत मी एक छोटा कप्पा केला आणि त्यात सुई आणि मेण लावलेला दोरा ठेवला. तुम्ही पिशवी नेहमीसारखी हातात घेऊन खालीवर केलीत. "काय भरलंयस, पिसं? हाताला काही लागतच नाही. ह्याला वजन नाही, म्हणजे किंमत नाही. फाटेल ही."

"फाटली तर शिवतील."

"गिऱ्हाईक फाटायची वस्तू घेतं होय?"

साहेबाने ती घेतली. जाताना म्हणाला, बघू. तुम्ही दाराशी उभे राहून तो वळेपर्यंत बघत होतात आणि मग माझ्याकडे न बघता म्हणालात की पिशवी फाटून आली तर मुकाट्याने बोटीत बसायचं. मी म्हटलं, आणि नाही आली तर? तुम्ही दोऱ्याला मेण लावायला बसलात. पुढचे दिवस कसे काढले माझं मला माहीत. मी तंबू शिवतेय, भाकरी भाजतेय, आणि डोळ्यांपुढे सारखा कुठलातरी न बघितलेला डोंगर.

तो आला. पिशवी जमिनीवर टाकली. आणि बाजूने हातभर फाटलेली! तुमचा चेहरा उजळला, बाबा, खोटं बोलू नका. "फाटली!" म्हणालात तुम्ही, अगदी ईदचा चांद दिसल्यासारखं. साहेब म्हणाला, "हाँ, फटी. काँटे में अटक गई. पत्थर पे बैठा, सी लिया, चल पड़ा." शिकार मिळाली होती, सगळा भार त्याच पिशवीतून उतरवला होता. बूड शाबूत, पट्टे शाबूत. जुन्या पिशवीच्या ओझ्याने आपण गेल्या खेपेला अर्ध्या वाटेवरूनच परतलो होतो, असंही तो म्हणाला. पण तुम्हाला ते ऐकायचंच नव्हतं. तुम्ही बोट त्या फाटक्या जागेवरच ठेवून बसलात. मग मात्र माझं डोकं फिरलं. पडदा बाजूला करून मी परक्या माणसासमोर बाहेर आले आणि आपल्या बोलीत तुम्हाला म्हटलं, "तुमचं कुठलं शीड न फाटता परत आलं हो, बाबा? दर मोसमाला नाखवे आणून टाकायचे ना तुमच्याच पुढ्यात? तेव्हा नाही म्हणालात कधी की शीड वाईट होतं!"

साहेबाला शब्द कळले नव्हते पण प्रकार कळला होता, तो छताकडे बघत उभा. तुम्ही पिशवी मांडीवर ओढलीत. त्याने घातलेल्या टाक्यांवरून अंगठा फिरवलात. किती वेळ! आणि मग हळूच पुटपुटलात, "टाके बघ कसे घातलेत मेल्याने." चामड्याचा पट्टा हाताला बांधलात, त्याचे टाके उसवलेत आणि आपले घालायला घेतलेत. मान वर न करता मला म्हणालात, "विचार त्याला, किती हव्यात." मी विचारलं.

बोट निघून गेली आणि आपण गेलो नाही. त्या स्थळाला तुम्ही काय कळवलंत ते मी कधी विचारलं नाही. शिकारीच्या पिशव्या, मग ससाणे घेऊन वाळवंटात जाणाऱ्या शेखांच्या मंडळींच्या पिशव्या, मग तेलाच्या सर्वेवाल्यांच्या. प्रत्येक नगाला आपलं भांडण ठरलेलं. तुम्ही एक थर वाढवायचात, मी एक काढायचे. माल चांगला झाला, असं तुम्ही मला एकदाही म्हटलं नाहीत. एकदाही नाही, बाबा! मी वाट बघायचे. लोक म्हणायचे, उस्ताद, क्या चीज़ बनाई है, आणि तुम्ही नुसते दाढीवरून हात फिरवायचात.

पुढे आपल्याच खाडीपलीकडच्या गावचा, मीना अल-अहमदीला क्रेन चालवणारा माणूस मला मागायला आला. निकाहाच्या बोलणीला पुरुष पुढे बसलेले, मी पडद्याआड. त्यांच्यातलं कुणीतरी वडीलधारं म्हणालं की आता दुकान आवरा, बाई घरात बरी. तुम्ही म्हणालात, "पोरगी देतो. पण तिचा हात दुकानातच राहील. हे कबूल नसेल तर शरबत प्या आणि या." आवाज चढवला नाहीत. पुढे सगळे तारखेचंच बोलायला लागले. वजन, वजन म्हणतात ते हे, असं मला तेव्हा वाटलं. एवढं बोललात आणि मला मात्र कधी काही बोलला नाहीत, ह्याचा राग अजून गेलेला नाही, तुम्हाला सांगून ठेवते.

तुमच्या डोळ्यांत मोतीबिंदू आला तेव्हा तुम्ही स्वतःच म्हणालात, मी आता गावी जातो. मुंबईच्या बोटीवर तुम्हाला सोडायला मी आणि माझा नवरा आलो होतो. ट्रंक हमालाने उचलली, आणि बघते तर तुमच्या पाठीवर माझी पिशवी. एकेरी कापडाची, हलकी, आणि तीही मी पट्ट्यांची उजवीडावी बाजू चुकवली म्हणून कोपऱ्यात टाकलेली. चांगल्यातली घेतली नाहीत, ती विकायची होती ना. भोंगा झाला. पुढच्या पावसाळ्यात गावाहून तार आली, आणि मी त्या दिवशीही दुकान उघडलं, कारण तुम्ही उघडलं असतंत.

हे कागद मी कुणाला देणार नाही, कबरीवर नेऊन ठेवायचा खुळेपणाही करणार नाही. पण एक गोष्ट तेवढी सांगायची राहिली. धक्क्यावर मी पुढे येऊन म्हटलं ना, "थांबा, पट्टा सैल झालाय," आणि तुमच्या खांद्याशी बराच वेळ खुडबुड करत राहिले, आणि तुम्ही "आटप गो, बोट सुटेल" म्हणत तरीही हलला नाहीत? पट्टा सैल झाला नव्हता, बाबा.