सातवं कलम आणि माझी लाल शाई

तीर्थस्वरूप अक्कास,

धाकट्याचा साष्टांग नमस्कार. (साष्टांग फक्त कागदावरचा समज. खरोखर घालायला गेलो तर उठवायला दोन माणसं लागतील आणि घरात एकच आहे.) तुझे गुडघे कसे आहेत? रक्तदाबाची गोळी रोज घेतेस, की "डोकं दुखलं की घेते" हेच धोरण अजून चालू आहे? भाचीला नवी नोकरी मानवली का? माझं म्हणशील तर मी बरा आहे. म्हणजे गेल्या महिन्यात फोनवर जिला मी "पोटाची किरकोळ तक्रार" म्हणालो होतो, ती स्वादुपिंडाच्या कॅन्सरची निघाली. हे फोनवरच सांगणार होतो, पण तू मध्येच रडायला लागली असतीस आणि मला बोलणं अर्धवट सोडावं लागलं असतं. ते मला आयुष्यात जमलेलं नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक आहे? शाळेच्या वक्तृत्व स्पर्धेत तू पहिल्या रांगेत बसायचीस. माझी वेळ संपली की नुकताच लागलेला चष्मा काढून मांडीवर ठेवायचीस, ही आपली खूण. मला ती दरवेळी दिसायची. मी एकदाही थांबलो नाही.

तर डॉक्टरबाईंनी पहिल्या भेटीत मला पाऊण तास दिला, आणि त्यातली चाळीस मिनिटं मीच घेतली. रोगाचा इतिहास, औषध कंपन्यांचा नफा, सार्वजनिक आरोग्यावरचा अपुरा खर्च असे तिन्ही मुद्दे मांडून झाल्यावर बाई म्हणाल्या, "झालं? आता शर्ट वर करा." पुढे ठरलं ते असं. पाच आठवडे रेडिएशन, म्हणजे बाहेरून किरणांचा मारा. शिवाय त्यांच्याकडे एक अभ्यास चालू आहे. त्यात निम्म्या रोग्यांना किरणांच्या आधी क जीवनसत्त्वाची मोठी मात्रा शिरेतून देतात आणि निम्म्यांना नुसते किरण. कोण कुठल्या गटात जाणार हे कॉम्प्युटर सोडत काढून ठरवतो. मी ड्रिपच्या गटात निघालो. मी लगेच "विजय!" म्हणून मूठ वर केली. बाई म्हणाल्या, "अहो, उपयोग होतो की नाही तेच तर शोधतोय. होतो हे माहीत असतं, तर सोडत कशाला काढली असती?" हे वाक्य मी ऐकलं. पण मला ते आवडलं नाही, म्हणून तिथेच ठेवून घरी आलो.

किरणांच्या खोलीत माझा जो अपमान होतो तो ऐक. हात डोक्यावर, अंगाखाली माझ्याच पाठीचा साचा, आणि छतातून लाउडस्पीकर बोलतो, "श्वास घ्या. धरा. हलू नका. बोलू नका." चाळीस वर्षं कारखान्यांच्या फाटकांवर युनियनच्या सभांत लाउडस्पीकर माझ्या ताब्यात होता. आता तो बोलतो आणि मी गप्प. पहिल्या दिवशी मी "पण का?" असं विचारलं, तर यंत्र थांबलं आणि सगळं पुन्हा पहिल्यापासून. (नंतर मला त्या "पण का?"ची लाज वाटली. का ते भिंतीवरच लिहिलं होतं. श्वासाबरोबर गाठ हलते.)

या मुस्कटदाबीची भरपाई मी बाहेरच्या बाकांवर करायचो. तिथे रोज तीच आठ-दहा माणसं. एक निवृत्त क्रेनचालक, एक शिंपीणबाई, बाकीचे बहुतेक पेंगणारे. दुसऱ्याच आठवड्यात मी त्यांच्यापुढे उभा राहिलो, सलाइनचा स्टँड हातात धरून (व्यासपीठाची सवय), आणि निसर्गाने फुकट दिलेलं संत्रं माणूस कसा विसरला यावर वीस मिनिटं बोललो. क्रेनचालक भारावले. म्हणाले, "मग साहेब, रोज किती खाऊ?" मी म्हणालो, "भरपूर!" तेवढ्यात आमची नर्स आली. वयाने आपल्या भाचीएवढी आणि आवाजाने तुझ्याएवढी. ती म्हणाली, "काका, तुमच्या एका बाटलीत जेवढं आहे तेवढ्याला हजारभर संत्री लागतील. रोज. आणि खाल्लेलं सगळं रक्तात जात नाही, शरीर जादाचं बाहेर टाकतं. म्हणून तर शिरेतून देतो." मग क्रेनचालकांकडे वळून, "आजोबा, तुम्ही घरचं साधं जेवा. आणि कुठल्याही गोळ्या आम्हाला विचारल्याशिवाय घेऊ नका." शिंपीणबाईंनी दोरा दातांनी तोडला आणि मला विचारलं, "हजार संत्री सोलणार कोण, तुम्ही की तुमची बायको?" सभा तिथेच बरखास्त झाली.

आता मुख्य प्रकरण. ड्रिप सुरू करण्याआधी त्यांनी मला माहितीपत्रक दिलं होतं. नऊ पानं, चौदा कलमं. नर्स ते समोर बसून एकेक कलम समजावत होती आणि त्याच वेळी मी तिला सांगत होतो की जनतेसाठी लिहिताना भाषा कशी असावी. मी खिशातून लाल पेन काढलं आणि सगळं पत्रक तपासून दिलं. कुठे "शब्द अवघड", कुठे "पुनरुक्ती". शेवटी झोकात सही ठोकली. माणसाने आपल्या जिवाची कागदपत्रं वाचण्याच्या अनेक तऱ्हा असतील, अक्का, पण मुद्रितं तपासावीत तशी वाचणारा मीच पहिला असेन.

स्वादुपिंड बिघडल्यापासून मला साखरेचाही त्रास आहे. तुझी भावजय घरच्या यंत्रावर बोट टोचून साखर बघते आणि तक्त्याप्रमाणे इन्सुलिन देते. त्या मंगळवारी मी ड्रिप घेऊन, किरण घेऊन दुपारी घरी आलो. तिने बोट टोचलं, यंत्रावर आकडा पाचशे ऐंशी. पुन्हा टोचलं, सहाशेच्या आसपास. तक्त्यातला शेवटचा आकडा चारशे. त्यापुढचा डोस तिने अंदाजाने भरला आणि मी सदरा वर करून खुर्चीत बसलो. बसलो म्हणजे काय, साखर कारखानदारीने माणसाच्या जिभेवर कसा कब्जा केला यावर बोलू लागलो. मध्येच "टोच, टोच, वेळ दवडू नकोस" असा हुकूमही सोडला. तिने सुई पोटाशी आणली आणि तशीच थांबली. म्हणाली, "इतकी साखर असलेला माणूस इतका बोलतो? परवा दोनशे ऐंशी होती तर तुम्ही उशीत तोंड खुपसून पडला होता. तहान लागलीय का? नाही. गळल्यासारखं? ते तर मुळीच नाही." आणि एका हातात सुई धरून तिने दुसऱ्या हाताने नर्सला फोन लावला.

फोनमधून आलेला आवाज मला समोरच्या खुर्चीत ऐकू आला. "काकू, इन्सुलिन खाली ठेवा. आधी खाली ठेवा, मग बोला." झालं असं होतं की, इतक्या क जीवनसत्त्वाने घरच्या यंत्राची फसगत होते. त्याला ते साखरच वाटतं. ड्रिपनंतर बरेच तास त्यावर विश्वास ठेवायचा नाही, प्रयोगशाळेतच रक्त तपासायचं. आम्ही धावत इस्पितळात गेलो. खरी साखर निघाली एकशे बत्तीस. त्यावर तो डोस गेला असता, तर अक्का, हे पत्र तुला तुझ्या भावजयीने लिहिलं असतं. फार छोटं असतं.

नर्सने माझी फाइल काढली, पत्रकाचं सातवं कलम उघडलं आणि माझ्यासमोर धरलं. यंत्राचा सगळा इशारा तिथे होता, ठळक अक्षरांत. त्याच्या समोर माझ्याच वळणदार अक्षरात, लाल शाईत लिहिलं होतं, "वाक्यरचना बोजड." खाली माझी सही. तुझी भावजय ते वाचून हसली, मग बाकावर बसली आणि बराच वेळ रडली. मी तिच्याशेजारी बसलो आणि काही बोललो नाही. (दोन मिनिटं. अजून आपल्या पाळीची वाट बघत बसलेल्या क्रेनचालकांनी घड्याळ लावलं होतं.)

आता रोज ड्रिपच्या वेळी नर्स मला सातवं कलम मोठ्याने म्हणायला लावते, शाळेतल्या पाढ्यासारखं. वाक्यरचना मुळीच बोजड नाही. चांगली आहे.

सर्वांना यथायोग्य. तुझ्या गुडघ्यांना माझे विशेष नमस्कार.

तुझा,
धाकटा

ता. क. : संत्री पाठवू नकोस. क्रेनचालकांच्या मुलाने माझ्या भाषणाचा मान राखून एक पेटी आणून दिली आहे. सोलतो मीच.

ता. क. दुसरा : पुढल्या गुरुवारी सकाळी दहाला स्कॅनचा निकाल आहे. तुझ्या गुडघ्यांना प्रवास झेपत असेल तर येशील का? भावजय असेलच, पण तिला बाईंसमोर रडू येतं आणि तिला रडू आलं की मी बोलायला लागतो.

ता. क. तिसरा : खरं सांगतो. पहिल्या भेटीत मी बाईंना विचारलं होतं, "किती दिवस?" त्यांनी तोंड उघडलं आणि मी सार्वजनिक आरोग्यावर सुरू झालो. ते सगळं भाषण मला पाठ आहे. त्या काय म्हणाल्या ते मला माहीत नाही. गुरुवारी पुन्हा विचारणार आहे. तू माझ्यासमोरच्या खुर्चीत बस आणि मी तोंड उघडलं की चष्मा काढ. या वेळी थांबेन.