खालून गाणारी बाई

११ जानेवारी

सोडला. बँड सोडला. तेरा वर्षं!

कारण काय, तर पोस्टर. नव्या दौऱ्याचं पोस्टर छापून आलं. मधोमध थोरली, हात पसरून. डावीकडे तिचा भाऊ, ड्रमसकट. उजवीकडे थोरलीच्या पसरलेल्या बाहीमागून डोकावणारा एक कान. तो मी. कानातलं ओळखीचं होतं म्हणून कळलं.

मी म्हटलं, "यात मी कुठाय?" थोरलीनं पोस्टर लांब धरून नीट पाहिलं. "आहेस की. कानाला काय झालंय?" ड्रमर हसला. मग मी बोलायचं ते बोलले, न बोलायचं तेही बोलले. ती शांतपणे ऐकत होती, त्याचाच जास्त राग आला. शेवटी म्हणाली, "जा मग. एक गाणं पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं गाऊन दाखव, नंतर बोलू."

थोरली म्हणे! माझ्याहून पाच महिन्यांनी लहान आहे. पण बँड तिनं काढला, गाडी तिची, माइक तिचा, म्हणून थोरली.

दाखवतेच. एक नाही, आठ गाऊन दाखवते.

१२ जानेवारी

आईला सांगितलं. आमचे स्टेजवरचे कपडे पहिल्यापासून तीच शिवते. शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "मग त्या तीन चंदेरी ड्रेसमधला तुझा उसवू का?" लेकीच्या आयुष्यातला एवढा मोठा दिवस, आणि हिला अस्तराची काळजी.

२ फेब्रुवारी

करार झाला! कंपनीतल्या मॅडम माझ्याहून दहा वर्षांनी लहान असतील. टेबलावर कराराशिवाय एक कागद नाही, एक पेन नाही. सहीसाठी पेन मलाच माझ्या पर्समधून काढावं लागलं. "तुमचा चेहरा लोकांच्या ओळखीचा आहे," म्हणाल्या. मी मनात म्हटलं, चेहरा नाही हो, कान.

आठ गाणी, तीस जूनपर्यंत. नाही झाली तर करार रद्द. गाणी तयारच आहेत. वहीत वर्षानुवर्षं पडून आहेत. थोरलीला दाखवली की ती "नंतर बघू" म्हणायची. तिचं नंतर काही आलं नाही, माझं आलं.

१७ फेब्रुवारी

स्टुडिओचा पहिला दिवस. खाली लाँड्री आहे. तिथलं मोठं मशीन कपडे पिळायला लागलं की सगळी खोली थरथरते, मग रेकॉर्डिंग थांबवायचं. रेकॉर्डिस्ट माझ्यापेक्षा वयानं चांगला मोठा, तरी मला ताई म्हणतो. बोलणं कमी, बिस्किटं जास्त.

पहिलं गाणं जीव ओतून गायले. डोळ्यांत पाणी आलं माझ्या. गाणं संपलं. काचेपलीकडे तो बिस्किट चहात धरून बसलेला. बिस्किट तुटून पडलं तरी हलला नाही.

"ताई, चाल कधी गाणार?"

"गायले की आत्ता."

"नाही. तुम्ही कुणाबरोबर तरी गाताय. ती बाई या खोलीत नाहीये."

मी भडकले. मग त्यानं ऐकवलं. खरंच होतं. तेरा वर्षं थोरली चाल गाते आणि मी तेच शब्द तिच्या दोन पायऱ्या, म्हणजे दोन सूर, खालून, तिला चिकटून गाते. लोकांना वाटतं एकच जाडजूड गोड आवाज येतोय. ते ठीक. पण आज माझं स्वतःचं गाणं, माझी स्वतःची चाल, आणि तिच्याही मी दोन पायऱ्या खाली! वर कुणीच नाही. रिकामं.

म्हणजे गाणी सुचली तेव्हा माझ्या डोक्यात ती थोरली गात होती. माझ्या डोक्यात! भाडं न देता!

१८ फेब्रुवारी

त्यानं चाल पियानोवर वाजवून माझ्या हेडफोनमध्ये सोडली. दोन ओळी सरळ गेले. तिसरीला घसरले. "घसरलात." "माहितीये." असं अकरा वेळा. बाराव्या वेळी त्यानं नुसतं बिस्किट चहात बुडवलं.

२४ फेब्रुवारी

आज पियानोशिवाय पाच शब्द बरोबर. सलग.

३ मार्च

रेकॉर्डिस्टचं म्हणणं, पियानो नको, माणसाचा आवाज हवा. कानात कुणीतरी चाल गायला हवं, म्हणजे मला ती धरून गाता येईल. नेमकी आई आली होती, माझ्या नव्या ड्रेसची मापं घ्यायला. तिला विचारायच्या आत तिनं टेप गळ्यात अडकवली आणि माइकसमोर उभी राहिली.

आई बेसूर आहे. हे मी प्रेमानं लिहितेय. लहानपणी ती अंगाई गायला लागली की मी लगेच झोपेचं सोंग घ्यायचे. आज तिनं माझं गाणं अशा सुरांत गायलं की ते पियानोच्या कुठल्याही पट्टीत सापडायचे नाहीत, दोन पट्ट्यांच्या फटीत सापडले तर सापडतील. आणि मी काय केलं? त्या बेसुराच्या बरोबर दोन पायऱ्या खालून गायले. ती भरकटली की मी भरकटले. ती अडखळली की मी अडखळले. एकदासुद्धा सुटले नाही.

रेकॉर्डिस्टनं हेडफोन काढून ठेवले. "ताई, आई पुढं कुठं जाणार हे आईंना माहीत नाही. तुम्हाला कसं कळतं?"

काय सांगणार? श्वास ऐकू येतो, खांदा हलतो, त्यावरून कळतं. कळतं तर कळतं.

आई मात्र खूश. "जमलं की छान. द्या आता कंपनीला." तिला समजावता समजावता नाकी नऊ आले.

२० मार्च

घरी सराव. आधी न्हाणीघरात, मग कपड्यांच्या कपाटात शिरून, मग उशीत तोंड खुपसून. कपाटात पाव गाणं जमलं. अल्बम काय कपाटात बसून करू?

बाजारात ड्रमर भेटला. हातात कोबी. "कितवं गाणं चाललंय?" मी म्हटलं, "पाचवं." कशी थाप मारली, माझं मलाच कळलं नाही! तो म्हणाला, "वा, दीदीला सांगतो." आता ती तिकडे बसून मोजणार.

घरी येऊन रडले. भीती वाटते. तीस जूनची नाही. थोरलीचं बोलणं खरं ठरलं तर, याची. मला एकटीला आवाजच नसला तर? मी नुसती सावली असले तर, तेरा वर्षं?

४ एप्रिल

रेकॉर्डिस्ट काल सकाळी हात जोडून म्हणाला, "ताई, भांडण सोडून देऊ. तुम्हाला खालचंच येतं ना, मग आधी खालचंच गा. आठही गाणी. त्या बाईबरोबर गा, जी इथं नाहीये."

गायले. दीड दिवसात आठ! एक चूक नाही. लाँड्रीच्या मशीननंसुद्धा मान ठेवला, एकदाच पिळलं. किती दिवसांनी गाताना मजा आली. पोटभर जेवल्यासारखं वाटलं.

९ एप्रिल

आज खरी कमाल. तो खालचा आवाज त्यानं माझ्या कानात सोडला आणि म्हणाला, "आता वरचं. घसरायचं म्हटलं तरी खाली जागा नाही, तिथं तुम्हीच बसलाय."

घसरले नाही! कशी घसरणार? मला श्वास घ्यायचा असतो तिथं ती आधीच थांबलेली. मला शब्द ओढावासा वाटतो तिथं तिनं ओढलेला. दमले की ती जरा घट्ट होते. मी काही न सांगता हिला सगळं माहीत कसं? मग लक्षात आलं, हेच मी तेरा वर्षं दुसरीसाठी करत होते. मला वाटायचं मी नुसती उभी असते.

अर्थात लगेच डोक्यात हवा गेली. तिसऱ्या गाण्यात मी चक्क ओरडले, "जरा हळू गं, मला ऐकू येऊ दे!" रेकॉर्डिस्टनं विचारलं, "कुणाला म्हणताय?" पाचव्या गाण्यात हात पसरला आणि माइकचा स्टँड आडवा केला. दोन तासांत मी थोरली झाले की काय?

२७ मे

आठही झाली. एकटीनं. म्हणजे दोघींनी, पण दोघी मीच.

११ जून

मॅडमनी ऐकलं. आवडलं म्हणाल्या. मग म्हणाल्या, "पण हा तुमचा एकटीचा अल्बम ना? मग दोन बायका का गातायत?"

"दोघी मीच."

"हो, पण ऐकताना दोघी वाटतात. लोक गोंधळतील. ती खालची काढून टाका."

मी "बघते" म्हणून आले.

१२ जून

रेकॉर्डिस्टनं खालचा आवाज बंद करून ऐकवलं. एक बटण, संपली ती.

आणि वरचा आवाज उभा राहिला! थरथरत नाही, पडत नाही. पहिल्यापासून शेवटपर्यंत एकटीनं. थोरलीला आत्ता फोन लावावा असं वाटलं. दहा मिनिटं मी हवेत होते. त्यानं बिस्किटाचा अख्खा पुडा पुढे केला, त्याच्याकडून हे फार झालं.

मग परत ऐकलं. गाणं चांगलं आहे, पण घरातलं कुणीतरी बाहेर गेलंय आणि अजून आलं नाही, तसं वाटत राहतं. घरी आईला ऐकवलं. काज करता करता थांबली. म्हणाली, "ही छान गाते. पण ती दुसरी कुठं गेली? रुसली का?"

जेवण गेलं नाही.

१५ जून

मॅडमकडे गेले. वाटेत पाठ केलेलं सगळं विसरले, मग जे तोंडाला येईल ते बोलले. "पोस्टरवर हिचा कान छापला. आता मीच हिला माझ्या अल्बममधून हाकलू? नाही जमणार. ती नसती तर मी वरची एक ओळ गाऊ शकले नसते. ती राहील. ती जात असेल तर मी पण जाते." आवाज चढला होता. बाहेरच्या खोलीतली टायपिंगची टकटक थांबली.

मॅडमनी फोन हातात घेतला. बहुधा कुठल्या डॉक्टरला फोन करावा याचा विचार करत असाव्यात. शेवटी म्हणाल्या, "बरं, राहू द्या. पण गायकांच्या यादीत तुमचं नाव एकदाच येईल. दोनदा कशाला?"

एकदा तर एकदा. माझं काय जातंय? जिंकले!

१ सप्टेंबर

आला अल्बम! मुखपृष्ठावर अख्खा चेहरा, दोन्ही कानांसकट. आईनं शेजारच्या प्रत्येकीला सांगितलं, "मी पण गायलेय, पण त्यांनी घेतलं नाही." लाँड्रीवाला दिवसभर लावून बसतो म्हणे. मशीन पिळायला लागलं की आवाज वाढवतो.

८ सप्टेंबर

पेपरात सहा ओळी आल्या. चार ड्रेसबद्दल. आईनं कात्रण काचेखाली ठेवलं.

१९ सप्टेंबर

थोरलीचा फोन. आठ महिन्यांनी. आवाज अगदी वरचा काढला. ती म्हणाली, "ऐकला गं तुझा अल्बम. बरा गातेस." मग एकदम लाडात आली. "ए, पण ती खालून गाणारी मुलगी कोण? कुठं मिळाली तुला? कसली सांभाळून घेते गं! आम्ही सहा महिने अशीच शोधतोय, एक टिकत नाही. तिचा नंबर दे ना."

तिला विचारून सांगते, म्हटलं. फोन ठेवला. आईच्या मशीनशेजारी दोन मिनिटं बसून राहिले. मग उलटा फोन लावून सांगितलं, ती नाही म्हणते.