लघुशंकेचा संप

सोमवार, ३ मार्च

आज मी कारखान्यात ओरडले. म्हणजे मुद्दामच ओरडले, पण ऐकू जायचं होतं ते फक्त आमच्या सुपरवायझरला! नेमका तेव्हाच पुढे कुठेतरी बिघाड झाला, लाइन थांबली, सगळी यंत्रं गप्प झाली — आणि त्या शांततेत माझा एकटीचा आवाज: "इथे माणसाने मुतायचं कधी?"

पार त्या टोकाला सीट बसवणारे असतात. त्यांनी टाळ्या वाजवल्या.

माझं काम गाडीच्या दाराला कडेने रबर बसवायचं. शेजारी काचवाली, ती काच बसवते. लाइन सरकतच असते, जागा सोडता येत नाही. पूर्वी एक बदली माणूस असायचा. आपण हात वर करायचा, तो आपल्या जागी उभा राहायचा, आपण जाऊन यायचं. गेल्या महिन्यात कंपनीने त्याला हलवलं. आता हात वर केला की सुपरवायझर मनगट बघतो आणि म्हणतो, "जेवणाच्या सुट्टीपर्यंत थांबा." म्हणून त्याचं नावच पडलंय घड्याळ. काचवालीला मधुमेह. सारखं जावं लागतं म्हणून ती सकाळपासून पाणीच पीत नाही. आज चक्कर येऊन खाली बसली. तर घड्याळ म्हणतो कसा — "बसू नका, काच राहतेय!"

मग माझं डोकंच फिरलं.

संध्याकाळी हे घरी आले. हेही तिथेच, पण रंगखात्यात, सुपरवायझर. बूट काढता काढता म्हणाले, "आज कारखान्यात एकच वाक्य फिरतंय."

सासूबाई म्हणाल्या, "कोणतं रे?"

"तुझ्यासमोर बोलण्यासारखं नाही, आई." आणि माझ्याकडे असं पाहिलं!

मंगळवार, ४ मार्च

पाण्याची बाटली घरीच ठेवली. समोर दिसली की तहान लागते.

गुरुवार, ६ मार्च

युनियनची सभा झाली. सेक्रेटरीला सगळे तोफ म्हणतात. सभेत धडाडतो, साहेबाच्या केबिनमध्ये मात्र दारू ओली होते. त्याने मला पुढे बोलावलं आणि सांगून टाकलं, "या आजपासून कमिटीवर!" मला कोणी विचारलंच नाही.

मागणी एकच, बदली माणूस परत द्या. पण ती कागदावर लिहायची कशी, यात सगळी संध्याकाळ गेली. तोफ म्हणाला, साहेबांपुढे सभ्य शब्द हवा. "नैसर्गिक विधी" लिहिलं, तर कोणीतरी म्हणालं, हे लग्नासारखं वाटतं. "देहधर्म" लिहिलं, तर वेल्डर म्हणाला, यात धर्म नको, भांडणं होतील. शेवटी तोफेने "लघुशंका" लिहिलं.

काचवाली इतका वेळ गप्प होती. म्हणाली, "शंका कसली? मला तर खात्री असते."

सभा तिथेच संपली. हसून हसून कोणाला बोलताच येईना.

शनिवार, ८ मार्च

कंपनी म्हणाली, विचार करू. आम्ही म्हणालो, करा, तोवर सोमवारपासून संप.

घरी सांगितलं. हे म्हणाले, "मला आत जावं लागेल." मी म्हटलं, "जा की." सासूबाईंनी दोघांना सारखीच भाजी वाढली. त्यांचं धोरण तटस्थ आहे.

सोमवार, १० मार्च

संपाचा पहिला दिवस. गेटवर आम्ही सगळे. तोफ आज फॉर्मात होता. "सुपरवायझरशाही —" तो ओरडायचा, आणि आम्ही, "हाय हाय!" इतक्यात हे आले. इस्त्रीचा शर्ट, मान खाली. सगळे माझ्याकडे बघायला लागले. काय करणार! मीही म्हटलं "हाय हाय." जरा हळू म्हटलं.

हे आत गेले आणि माझ्या लक्षात आलं, यांचा डबा माझ्याच पिशवीत! घाईत दोन्ही डबे मीच भरून घेतले होते. मग तशीच गेटच्या गजांतून हाक मारली, "अहो! डबा!" घोषणा थांबल्या. हे परत आले, डबा घेतला, "चमचा आहे ना?" विचारलं. आहे म्हटलं. गेले.

तोफ म्हणाला, "ताई, अशाने वातावरण बिघडतं."

मंगळवार, ११ मार्च

परदेशी पाठवायच्या गाड्या अडल्यात. म्हणून कंपनीने सगळ्या सुपरवायझरांना लाइनवर उभं केलंय. आणि यांना जागा कोणती दिली? माझी!

"त्यात काय," हे म्हणाले. "रबर तर दाबायचं."

मी काही बोलले नाही. फार कठीण गेलं.

बुधवार, १२ मार्च

यांचे दोन्ही अंगठे सुजलेत. शर्टाची बटणं निघेनात, मी काढून दिली. चमचा धरता येईना, तर सासूबाईंनी घास भरवले. पन्नाशीला आलेला मुलगा! पण त्या खूश दिसल्या.

मी म्हटलं, "उद्या पाणी जपून प्या बरं का."

"आजच कळलं ते," एवढंच म्हणाले आणि भिंतीकडे तोंड करून झोपले.

शुक्रवार, १४ मार्च

गेटवर नोटीस लागली. सहा जण निलंबित. तिसरं नाव माझं.

तोफ म्हणाला, घाबरायचं नाही, आणि स्वतः घामाने ओला. काचवाली रडायला लागली — "माझ्यामुळे झालं." मी तिला म्हटलं, तुझ्यामुळे काही नाही, माझ्या तोंडामुळे झालं. हसली, पण घरी येताना मी वर्षंच मोजत राहिले. चौदा वर्षांची नोकरी.

घरी कळलं, यांना परवाच माहीत होतं! साहेबांच्या टेबलावर कागद पाहिला होता.

"मला सांगितलं का नाही?"

"सांगून काय झालं असतं? तुझी आणखी एक झोप गेली असती."

"माझ्या झोपेचं मी बघेन! तुम्ही त्यांचेच."

मग मी आणखी बरंच बोलले. आतून सासूबाईंचा आवाज आला, "भांडा, पण जरा हळू. मालिकेतलं भांडण ऐकू येत नाहीये."

आज हे बाहेरच्या खोलीत झोपलेत. उशी न घेता गेले. नेऊन दिली नाही.

रविवार, १६ मार्च

शेवटी उशी काल नेऊन दिली.

हे दिवसभर बाल्कनीत बसून होते. उद्या बोलणी आहेत. मोठ्या साहेबांनी यांनाही बोलावलंय.

"तुम्हाला कशाला?"

"बोलायला. काय बोलायचं ते सांगून ठेवलंय."

"काय?"

"विचारू नकोस."

मी विचारलं नाही.

सोमवार, १७ मार्च

हे सगळं नीट लिहून ठेवायला हवं.

लांबलचक टेबल. एका बाजूला मोठे साहेब आणि त्यांची माणसं, एका बाजूला आम्ही. तोफ पाणी पीतच सुटला. मोठे साहेब हसून म्हणाले, "बदली माणसाशिवाय हे काम सहज होतं. आमच्या सुपरवायझरांनी करून दाखवलंय. ताई, तुम्ही तुमच्या मिस्टरांकडूनच ऐका."

हे उठले. दोन्ही अंगठ्यांना पट्ट्या. माझ्याकडे बघितलं नाही.

"साहेब, रबर बसवायला मी शिकलो," हे म्हणाले. "पण बुधवारी मला जायची घाई झाली. हात वर केला. कोणी आलं नाही. मग मी पळालो."

"पळालो म्हणजे?"

"लाइन सोडून पळालो, साहेब. परत आलो तोवर पाच-सहा गाड्या पुढे गेल्या होत्या. त्यांच्या दारांना रबर नाही."

साहेबांचा कप हवेतच राहिला. "तपासणीत निघाल्या असतील ना?"

"तपासणीवाले गेटवर होते, साहेब. घोषणा देत होते."

"मग त्या गाड्या आहेत कुठे?"

"जहाजावर."

वेल्डरने टेबलाखाली डोकं घातलं. त्याचे खांदे हलत होते. मला हसू येईना. मी यांच्याकडेच बघत राहिले. घसा खाकरून हे म्हणाले, "तीन दिवसांत माझी ही गत झाली. या बायका रोज करतात. माणूस द्या, साहेब."

आणि खाली बसले. तोफेने पाण्याचा ग्लास यांच्यापुढे सरकवला. "नको," हे म्हणाले. "आता सवय गेली."

मंगळवार, १८ मार्च

जिंकलो!! बदली माणूस परत, सहाही निलंबनं रद्द. करारात शब्द घातलाय "वैयक्तिक गरज". तोफ म्हणतो, हा त्याला आधीच सुचला होता.

संध्याकाळी गेटवर नाचलो. मला नाचता येत नाही, तरी नाचले. हे फाटकाबाहेर पडले तर वेल्डरने यांना उचलूनच घेतलं. "सोडा, सोडा, चष्मा!" करत होते. कान मात्र लाल झाले होते.

रात्री अंगठ्यांना मलम लावून दिलं. म्हटलं, "भीती नाही वाटली?"

"वाटली ना. तुझ्याकडे बघितलं असतं तर बोलता आलं नसतं."

गुरुवार, २० मार्च

यांना नोकरीवरून काढलं. कारण काय, तर कामात हलगर्जीपणा, गाड्यांचं नुकसान. सासूबाईंनी टीव्ही बंद केला. सुपरवायझरांना युनियन नसते. मी तोफेला फोन केला. म्हणाला, "वाईट वाटतं, ताई. पण तो आपला माणूस नाही ना."

मी म्हटलं, "माझा आहे."

उद्या सकाळपासून गेटवर बसतेय.