पटाशी आणि कानस

३ फेब्रुवारी

चि. बारकीस दादाचे अनेक उत्तम आशीर्वाद. तुझी वहिनी शेजारी बसून माझेही लिही म्हणते, म्हणून तिचेही. वि. वि.

तुझ्या दवाखान्याची गाडी परवा दुपारी आली आणि ड्रायव्हरने खोका माझ्या हातात दिला. दोघी बहिणी आहेत, लाजाळू आहेत, त्यांच्या मालकिणीला नव्या घरात प्राणी ठेवायची परवानगी नाही, हे सगळं तू लिहिलं होतंस. पण लाजाळू हा शब्द तू फारच जपून वापरलास. मी दोन गिनीपिग पाळलेत की एक रिकामा पिंजरा, हे मला अजून नीट सांगता यायचं नाही. खोका उघडला, दोघी बाहेर पडल्या, आणि कोपऱ्यात एकमेकींच्या अंगात घुसून दगड झाल्या. मी वाकून जोरात स्वागत केलं. त्यावर एकीने दुसरीच्या पोटाखाली डोकं घातलं.

नावं मी ठेवली. जी बदामी रंगाची आहे तिचे पुढचे दात थेट माझ्या पटाशीच्या पात्यासारखे आहेत, म्हणून ती पटाशी. काळीच्या अंगावर भोवरेच भोवरे, हात फिरवावा तर खरखरीत, म्हणून ती कानस. वहिनीचं म्हणणं, सुताराला पोरगी झाली असती तर तिचं नाव हातोडी ठेवलं असतं.

पिंजरा कारखान्यात, करवतीच्या टेबलाशेजारी ठेवलाय. दिवसभर माझी सोबत होईल. खाली घालायला भुसा विकत आणायचा म्हणजे मला हसू येतं, माझ्याकडे पोती भरलीत. ताजा, मऊ, सुवासिक भुसा घातलाय.

आणि हो, गेल्या वर्षापासून तू फोन सोडून पत्रं लिहायला लागलीस, तेव्हा मला वाटलं होतं की तुझं वय झालं. पण आता मलाही चटक लागलीय. लोभ आहे तेवढा राहू दे, कमी करू नकोस.

तुझा
दादा

७ फेब्रुवारी

ती. दादास, कृ. सा. न. वि. वि.

पत्र वाचून मी दवाखान्यात एवढी हसले की तपासायला आलेलं मांजर दचकलं. मग पुन्हा वाचलं आणि कपाळाला हात लावला.

दादा, करवतीशेजारी? त्या दोघी जन्मभर एका शांत खोलीत राहिल्या आहेत. गिनीपिगला मोठा आवाज म्हणजे कुणीतरी खायला आलं असं वाटतं. वरून हात आला तर घार आली असं वाटतं. त्यांना आजच्या आज घरात ने. वहिनीच्या शिवणाच्या खोलीत खिडकीपासून दूर कोपरा आहे, तो चालेल. लपायला दोघींना दोन वेगळी खोकी दे आणि प्रत्येकाला दोन दारं ठेव, म्हणजे एक आत शिरली तर दुसरी अडकणार नाही. गवत कायम समोर हवं. रोज थोडी ढोबळी मिरची दे. पहिले काही दिवस उचलू नकोस. नुसता जमिनीवर बस, पेपर वाच, हळू बोल. त्यांना कुतूहल असतं, त्या आपण होऊन येतील.

आणि भुसा आधी काढ. ताज्या लाकडाचा वास आणि ती बारीक धूळ त्यांच्या छातीला सोसत नाही. कागदाच्या पट्ट्या किंवा जुनं मऊ कापड घाल. हे गमतीत घेऊ नकोस.

वहिनी, तू त्याच्यावर लक्ष ठेव. दोघांच्याही पाया पडते, दोन्ही प्राण्यांना लांबूनच नमस्कार.

तुझी
बारकी

१३ फेब्रुवारी

चि. बारकीस अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझी आज्ञा बहुतेक पाळली. पिंजरा शिवणाच्या खोलीत गेला. खोकी तू दोन म्हणालीस, मी दुमजली घर केलं. वर गच्ची, गच्चीला कठडा, चार दारं, सगळ्या कडा गुळगुळीत घासलेल्या. तीन दिवस लागले. दोघी आत जाऊन वास घेऊन आल्या आणि माझ्या बुटांच्या रिकाम्या खोक्यात जाऊन झोपल्या. गिऱ्हाइकाने असा अपमान केला असता तर मी त्याला पायरी चढू दिली नसती.

वहिनी तिच्या भावाकडे गेलीय आठ दिवस, त्याच्याकडे पाहुणे यायचेत. त्यामुळे घरात आम्ही तिघंच. दुपारी करवत बंद करून तासभर पिंजऱ्यापाशी बसतो. मी हळूच बोलतो, पण या ऐकायला तयार नाहीत. मी तोंड उघडलं की पळतात. तोंड मिटून बसलो तर नाकं बाहेर येतात. काल पटाशीने माझ्या बोटांतून गाजराचा तुकडा ओढून नेला. बारकी, साठीला आलेल्या माणसाने एवढ्यासाठी खूश व्हावं का, मला माहीत नाही, पण मी सगळ्या गिऱ्हाइकांना सांगितलं. कानस अजून मागेच असते, अंग फुगवून बसते. ती मुळातच भिडस्त दिसते.

भुसा अर्धा काढला, अर्धा ठेवलाय. माझा सगळा जन्म या भुशात गेला, मला काय झालं?

तुझ्या घरच्यांना आशीर्वाद. पत्र धाड, नाहीतर मी गाजरवाल्याशी गप्पा मारत बसतो.

दादा

१८ फेब्रुवारी

प्रिय बारकीस अनेक आशीर्वाद. घाईत लिहितेय, गोड मानून घे.

परवा सकाळी परत आले. दारात पिशवी खाली ठेवत होते तोच आतून आवाज आला. ओल्या शिट्टीत हवा अडकावी तसा, बारीक आणि सारखा. आत जाऊन बघते तर तुझा दादा पिंजऱ्याला टेकून पेपर वाचतोय आणि त्याच्यापासून हातभरावर कानस तोंड उघडून श्वास घेतेय. मी विचारलं, हा आवाज कधीपासून येतोय. तो म्हणाला, कुठला आवाज.

तशीच तिला उचलून इथल्या जनावरांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेली. छातीत धूळ बसून जंतू वाढलेत. बाईंनी स्पष्ट सांगितलं की अजून एक दिवस गेला असता तर काही खरं नव्हतं. इंजेक्शन दिलं, औषध दिलं. तिने खाणं सोडलंय, म्हणून दर तीन तासांनी सिरिंजने भिजवलेला खाऊ घालतोय. बाईंनी याला विचारलं की घरघर किती दिवसांची आहे. हा म्हणाला, घरघर नव्हतीच. तेव्हा त्या म्हणाल्या, मला तर ती दारातून ऐकू आली.

घरी येऊन त्याने पिंजरा रिकामा केला, भुशाचा कण न् कण वेचला, चारदा पुसला. सिरिंज माझ्या हातून घेतली, ती अजून परत दिलेली नाही. त्याचा हात बघशील तर फावड्यासारखा, पण तिच्या तोंडाशी नेताना जराही हलत नाही.

मी इतकी वर्षं कानांचं बोलले की तो थट्टेवर नेतो. आता थट्टा करत नाही, पण विषय काढला की सिरिंज धुवायला उठतो. तू लिही काहीतरी. तुझं ऐकेल.

तुझी
वहिनी

२१ फेब्रुवारी

ती. दादास, कृ. सा. न. वि. वि.

वहिनीचं पत्र मिळालं. कानस कशी आहे ते आधी कळव. खाऊ घालताना तिला सरळ धर, थेंब थेंब घाल, घाई करू नकोस. औषध पूर्ण होईपर्यंत बंद करू नकोस.

आता मी जे लिहितेय ते रागाने नाही. मी पत्रं का लिहायला लागले ते तू कधी विचारलं नाहीस. गेल्या वर्षी मी तुला फोन करून सांगितलं की माझ्या मानेत गाठ आहे, डॉक्टर कापून काढू म्हणतात, मला भीती वाटतेय. तू म्हणालास, वा, छान झालं, लवकर उरकून घे. आणि मग हवापाण्याचं विचारलंस. मी फोन ठेवला. आधी हसू आलं, मग बरंच रडले. गाठ साधी निघाली, मी ठणठणीत आहे, वहिनीलाही तेव्हा सांगितलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी मी तुला पहिलं पत्र लिहिलं, कारण कागदावरचं तुला नक्की कळतं.

मला राग आला नव्हता, दादा. तुला ऐकूच आलं नव्हतं, आणि पुन्हा सांग म्हणायची तुला लाज वाटली. सगळेजण तुला मोठ्या आवाजाचा माणूस म्हणतात. माझ्या मते तू आपल्या घरातला सगळ्यात लाजरा माणूस आहेस. लोकांत गेलास की काही चुकीचं उत्तर द्यायला नको म्हणून आधीच कोपरा धरतोस, मी पाहिलंय. आणि तुझं हळू बोलणं आम्हाला फाटकापर्यंत ऐकू येतं.

कानाच्या डॉक्टरकडे जा. तुझा हट्ट मोठा आहे मला माहीत आहे, पण ती काळी पोर तुझ्याशिवाय कुणाला सांगणार?

धाकटी असून उपदेश केला, माफ कर. पण माया तशीच ठेव.

तुझी
बारकी

१४ मार्च

चि. बारकीस अनेक अनेक आशीर्वाद. वि. वि.

उत्तराला तीन आठवडे लागले. तुझं पत्र कारखान्यात मिळालं. उभ्याउभ्या वाचलं, मग करवत बंद केली आणि बसून वाचलं. तुझ्या गाठीला मी छान म्हणालो. चार वेळा कागद फाडला. तू समजून घे.

दुसऱ्याच दिवशी कानाच्या डॉक्टरकडे गेलो. त्याने काचेच्या खोलीत बसवलं आणि आवाज आला की बटण दाब म्हणाला. मी वाट बघत बसलो. बराच वेळ बसलो. शेवटी त्याने दार उघडून सांगितलं की झालं. चाळीस वर्षं करवतीने माझे कान थोडे थोडे कापले म्हणे. आता दोन्ही कानांत यंत्रं आहेत, आणि करवतीवर काम करताना ती काढून वर जाड झाकणं घालतो. पहिले दोन दिवस जीव नकोसा झाला. पेपरचं पान उलटलं तरी पत्रा पडल्यासारखं वाटे. पण सगळ्यात वाईट म्हणजे माझा स्वतःचा आवाज. असा ओरडत होतो मी? बिचाऱ्यांनी पोटाखाली डोकी घातली यात नवल नाही. तुम्ही लोकांनी कशी काढली इतकी वर्षं?

कानस वाचली. आठव्या दिवशी सिरिंज तोंडाशी नेली तर तिने ती ढकलली आणि माझ्या दुसऱ्या हातातली ढोबळी मिरची खाल्ली. मी तिथेच जमिनीवर बसून राहिलो. डॉक्टरीणबाईंनी वजन केलं, समाधानाने मान हलवली. आता खाली कागद आणि वहिनीची जुनी मऊ कापडं आहेत. दुमजली घराच्या गच्चीवर पटाशी दिवसभर पसरलेली असते, कठड्यावर हनुवटी ठेवून. आणि या शिट्टी मारतात हे तू मला का नाही सांगितलंस? मी फ्रिज उघडला की दोघी मिळून घर डोक्यावर घेतात. मी मुद्दाम दहादा उघडतो. वहिनी म्हणते, अशाने फ्रिजात बर्फ व्हायचा थांबला.

त्या आता मला बोलूही देतात. खाली बसून हळू बोललं, खरंच हळू, की कानस येऊन पायावर पुढचे पाय ठेवते.

परवा दुपारी तसाच बसलो होतो. तुझी वहिनी पाठमोरी, खिडकीशी, कुणाच्या तरी कोटाला बटणं लावत होती. खोलीत कुठूनतरी गाणं येत होतं. आधी मला यंत्र बिघडलं असं वाटलं. मग लक्षात आलं, ती गुणगुणत होती. लग्न झालं तेव्हा ती सारखी गुणगुणायची, तुला आठवत असेल. पुढे कधीतरी थांबली. मला वाटलं, संसाराच्या रगाड्यात राहून गेलं असेल, किंवा माझ्यावर नाराज असेल, आणि विचारायचा धीर झाला नाही. परवा विचारलं, हे पुन्हा कधी सुरू केलंस. तिने दोरा तोडला, वळून माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, बंद कधी केलं होतं.

बाकी सगळं क्षेम. मायेत काही फरक नाही, आवाज तेवढा कमी केलाय.

तुझा
दादा