छतातलं दार

११ जानेवारी १९३४

पोचले एकदाची! सकाळी खालच्या गावातून निघताना हमाल म्हणाला होता की ही बाई अर्ध्या वाटेत रडत बसेल. रडले तर नाहीच, उलट शेवटच्या चढावर त्याचंच एक गाठोडं मी उचललं. नवरा बोटीसकट बुडाल्यापासून दोन वर्षं दिराच्या घरी मान खाली घालून जेवत होते. आजपासून मी तेवीस खाणकामगारांच्या चुलीची मालकीण.

इमारत दुमजली आहे. खाली काँक्रीटचं स्वयंपाकघर आणि कोठार, वर लाकडी मजला. तिथे पुरुष झोपतात. त्यांना बाहेरून जिना आहे. स्वयंपाकघरातून वर जायला शिडी आणि छतात जाड फळ्यांचं दार. त्याची कडी खालून. आत आम्ही दोघी बायका राहणार ना, म्हणून. दुसरी ओरिन, कपडे धुते. हसरी आहे. तिचा नवरा तामेझो सुरुंगाच्या टोळीत.

माझं मिसोचं सार चाखून तामेझो म्हणाला, “वहिनी, मागच्या आचाऱ्याच्या सारात आम्ही पायमोजे धुवायचो.” ओरिनने त्याला ओल्या फडक्याने झोडपलं. सगळे हसले. दोनदा वाढून घेतलं सगळ्यांनी.

१५ जानेवारी

चार दिवस बर्फ थांबलेला नाही. खिडक्या बुजल्या, भर दुपारी दिवा लावून मुळे चिरते. बोगद्यात लाकडी टेकू लावणारा मोन्झोबाबा काठीने बर्फ मोजत फिरतो. साठी उलटलेला, पण पाय पोरासारखे. मला बाहेर नेऊन त्याने मागच्या उताराची झाडं दाखवली. चढाकडच्या अंगाला एकालाही फांदी नाही. जणू कोणी विळ्याने छाटली आहेत. बर्फाचा लोंढा इथून आधीही गेलाय, म्हणाला.

मुकादम किजुरोला हे सांगितलं तर म्हणाला की म्हाताऱ्याला दर हिवाळ्यात हाच आजार होतो, तू मुळे चीर. माणूस नीटनेटका आहे. रोज दाढी करतो, स्वतःचा वाडगा स्वतः विसळतो.

१९ जानेवारी

आज फार वाईट झालं.

काल मध्ये एकदा ऊन पडून वरचा बर्फ वितळला आणि गोठून काचेसारखा झाला. त्यावर आज वादळाने कोरडा, पिठासारखा बर्फ ओतलाय. मोन्झोबाबा जेवणाच्या वेळी सगळ्यांसमोर उभा राहिला. दोन दिवस सुरुंग लावू नका, म्हणाला. सगळ्यांनी बोगद्यातच झोपा, वरचं पीठ घसरायला एक धक्का पुरेल. किजुरोने विचारलं, मुकादम तू की मी?

“तूच की. पण डोंगर तुझ्या हाताखाली कामाला नाही.”

किजुरोने फावडं उचललं आणि दांड्याने त्याच्या तोंडावर मारलं. पडल्यावरही मारलं. दोन दात माझ्या पायाशी आले. बाकीची सगळी माणसं बसून होती, कोणी उठलं नाही. मीही नाही. माझ्या हातात डाव तसाच.

मग किजुरोने दांडा पुसला आणि वाडगा विसळला.

मोन्झोबाबाला चुलीपाशी निजवलंय. डोक्याला चादर फाडून बांधली.

२० जानेवारी

लिहिलं नाही तर ओरडत सुटेन.

दुपारची वेळ. आठ जण बोगद्यात, बाकीचे रात्रपाळी करून वर झोपलेले. किजुरो चहाला खाली आला होता. रोजचा सुरुंगाचा आवाज आला. थोड्या वेळाने कान गच्च बंद झाले, पाण्यात बुडी मारल्यासारखे. आधी आवाज नव्हताच. मग बाहेरचं दार चौकटीसकट आत आलं. मोठं पातेलं उडून भिंतीत रुतलं. अंधार.

दिवा सापडला. दारात बर्फ, दगडासारखा. आम्ही चौघं: मी, ओरिन, मोन्झोबाबा, किजुरो.

आणि वरून ठोकण्याचा आवाज. तामेझो.

“ओरिन! कडी काढ! आम्ही पाच जण आहोत इथे, छप्पर बसतंय!”

ओरिन शिडीकडे धावली. किजुरो आधी पोचला. लाकडं फोडायची कुऱ्हाड त्याच्या हातात. म्हणाला की दार उघडलं की वरचा सगळा बर्फ आपल्यावर येईल. शिडीच्या पायरीवर बसलाय.

२१ जानेवारी

किजुरोच्या घड्याळात सकाळचे दहा. वर अजून ठोकताहेत. काल पाच हात होते, आता दोन. तामेझो तीन-तीनदा ठोकतो, तोच आहे हे ओरिनला कळावं म्हणून.

मोन्झोबाबा फुटक्या तोंडाने समजावतोय. दाबलेला बर्फ ओतत नाही रे, घट्ट बसतो. उघड. किजुरो ऐकत नाही. त्याने कानात चिंध्या कोंबल्यात.

आम्हाला मात्र ऐकू येतंय.

त्याच दिवशी —

ओरिन उठली. शांतपणे. त्याच्या पाया पडली, मग त्याच्या अंगावरून शिडी चढू लागली. त्याने मानेवर घाव घातला. दोनदा. ती माझ्याकडे बघत खाली आली —

माझ्याकडे मासळीची सुरी होती. मी गेले. त्याने माझ्या पायावर कुऱ्हाड घातली, घोट्याच्या वर, हाड दिसतंय. मोन्झोबाबाने त्याचे हात धरले. किती वेळा खुपसली, ठाऊक नाही. पाणी मागत होता. दिलं नाही.

वर एकच हात आता. तीन वेळा. थांबून, तीन वेळा.

आम्ही ओरडून सांगितलं, काढतोय, काढतोय. कडी वाकलीय. निघत नाही.

२२ जानेवारी

कडी निघाली.

बर्फ पडला नाही. ओंजळभरसुद्धा नाही.

तामेझो पडला. सरळ माझ्या अंगावर. बोटांना नखं नव्हती. काखेत हात घातला तर ऊब होती — अजून ऊब होती —

ओरिनशेजारी ठेवला.

२३ जानेवारी

मोन्झोबाबा छतातल्या दारातून वर चढून बर्फ खणतोय. माझा पाय काळा पडला. ताप.

उजेड! निळा. माणूस जेमतेम जाईल एवढं भोक.

तो बाहेर पडला. ओरडून सांगतोय की आभाळ मोकळं आहे, बोगद्याचं तोंड शाबूत आहे, आठही जण जिवंत! मला उचलायला त्यांना आणतो म्हणाला. मी रडले. इथे आल्यापासून पहिल्यांदा.

ते येताहेत. आवाज ऐकू येतात. उतारावरून आडवे येताहेत, सगळे एकदम —

भोकातून पीठ गळतंय. कोरडं. दिवा हलतोय, वारा नाही तरी.

ओरडले, मागे फिरा.

ऐकू जात नाही त्यांना. पुन्हा ओरडले, सगळा जीव काढून. त्यांना वाटतंय मी बोलावतेय.

“आलो, वहिनी! आलो!”

नाही — मागे — मोन्झोबाबा, त्यांना मागे —