टेपरेकॉर्डरचे चार रिले

प्रिय भाऊजी,

पत्र बघून दचकू नकोस. हल्ली पत्र म्हणजे कुणीतरी गेलं, हीच तुझी पहिली शंका असणार. सगळे जिवंत आहेत. तुझा दादा पलीकडच्या खोलीत टेपरेकॉर्डर उघडून बसलाय आणि मी स्वयंपाकघरात ओट्यावर कागद ठेवून उभ्याउभ्या लिहिते आहे. इकडे तो फिरकत नाही, म्हणून.

हो, तेच धूड. त्याच्या स्टुडिओनं भंगारात काढलेलं, ताटाएवढ्या रिळांचं, दोघांनी उचललं तरी कंबर धरायला लावणारं. ते घरी आलं तेव्हा तू शाळेत होतास. तोंडानं भाऊजी म्हणायचं आणि हातानं कान पिळायचा, असं माझं लग्नानंतरचं पहिलं वर्ष गेलं. पुढे मला मूल झालं नाही, पण घरात मूल नव्हतं असं मी कधी म्हटलं नाही. तूच होतास की, आणि एका डझनाला भारी होतास.

रिले म्हणजे काय हे तुला मी काय सांगणार? दादापायी तूही भंगारबाजार पालथे घालतोयस. पण मला ते आता स्वप्नात दिसतात. काडेपेटीएवढी पारदर्शक डबी, आत तांब्याच्या तारेचं वेटोळं आणि बारीक पात्या. बटण दाबलं की टक् करून पात्या चिकटतात आणि रीळ फिरायला लागतं. आपल्या यंत्रात अशा चार डब्या, चारही म्हाताऱ्या. पात्या काळ्या पडल्यात, एकीचं वेटोळं जळालंय. तो कागदाची पट्टी स्पिरिटमध्ये बुडवून त्या पुसत बसतो, इतक्या मायेनं की मला मेलीला हेवा वाटतो. बनवणारा कारखाना केव्हाच बंद पडला. नवे मिळतात, पण त्यांचे पाय जुन्या खाचांत बसत नाहीत. दादा लांबून दिसला की दुकानदार शटर ओढायचंच काय ते बाकी ठेवतात.

आणि हे सगळं माझ्या आवाजासाठी. घशातल्या गाठीपायी स्वरयंत्र काढावं लागेल, जीव वाचेल पण आवाज जाईल, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा मी म्हटलं होतं, जाऊ दे, वापरूनही फार झालाय. तू हसलास. दादा हसला नाही. मी दवाखान्यातून घरी आले त्याच आठवड्यात त्यानं माळ्यावरून यंत्र खाली काढलं. माझा आवाज दोनच रिळांत होता. मामंजींची नजर गेल्यावर मी त्यांना वर्तमानपत्र आणि गोष्टी वाचून दाखवायची, आठवतं ना? आईच्या आजारपणात मला माहेरी राहावं लागलं, तेव्हा त्यांचे हाल नकोत म्हणून दादानं मला बसवून रीळभर वाचून घेतलं. मधे मी शिंकले होते, तर मामंजी ती शिंकच पुन्हापुन्हा लावायला सांगायचे. दुसऱ्या रिळात मी तुझे पाढे घेते आहे आणि सतराच्या पाढ्यात तू भोकाड पसरतोस.

मामंजींचं रीळ आता नाही. हे त्यानं तुला सांगितलेलं नसणार. त्याला दम निघेना, म्हणून नव्या रिलेला तारा जोडून त्यानं तो जुन्या जागी बसवला. जन्मभर ज्यानं स्टुडिओत दुसऱ्यांच्या जोडणीतल्या चुका पकडल्या, त्याच्याच हातून दोन तारांची अदलाबदल झाली. बटण दाबलं, रीळ फिरलं, आवाज काही येईना. त्याला वाटलं, स्पीकर गेला. तो स्पीकर ठोकत राहिला, बटणं पिळत राहिला, आणि तिकडे यंत्र वाजवायचं सोडून रेकॉर्ड करत होतं. म्हणजे आधीचं पुसत होतं. रेकॉर्डिंगचा लाल दिवा मागेच उडालेला, तो बदलायचं राहून गेलं होतं. रीळ संपल्यावर त्याच्या लक्षात आलं. पुन्हा लावलं तर सगळ्या रिळात नुसती घूं. मी दारातच होते. माझ्याकडे न बघता तो मला म्हणाला, मी तुला दुसऱ्यांदा घालवलं. तेव्हापासून दुसऱ्या रिळाला तो हात लावत नाही. अस्सल रिले मिळेपर्यंत लावायचं नाही म्हणतो.

पण भाऊजी, मी गेलेय कुठे? मी बोलते. हे तुला नवीन असेल. दवाखान्यातल्या बाईंनी शिकवलंय. हवा गिळायची, ढेकरेसारखी वर काढायची आणि तिच्यावर शब्द बसवायचे. ऐकायला बेडूक बरा, पण शब्द कळतात. कित्येक महिने घोकंपट्टी केली तेव्हा कुठे पहिलं पुरं वाक्य जमलं. मी जवळजवळ पळतच घरी आले, त्याच्या पाठीमागे उभी राहिले आणि विचारलं, चहा टाकू का? तो गर्रकन वळला. पांढराफटक पडला. मग त्यानं, ऑपरेशननंतर मी जिच्यावर लिहून बोलायची ती टेबलावरची पाटी उचलून माझ्यापुढे धरली आणि म्हणाला की लिही, उगाच त्रास करून घेऊ नकोस. अगदी मायेनं म्हणाला. मी पाटीवर चहा असं लिहिलं. ऑपरेशनला जाताना मी रडले नव्हते, त्या दिवशी मोरीत नळ सोडून रडले.

भाजीवाली माझ्याशी घासाघीस करते, आणि मीच जिंकते. शेजारीण समोर बसून तासभर गप्पा मारते. ज्याच्यासाठी शिकले तोच तेवढा, मी तोंड उघडलं की पडलेला स्क्रू शोधायला टेबलाखाली वाकतो. तो वाईट नाही. वाईट असता तर भांडून मोकळी झाले असते. त्याला वाटतं, खरी मी त्या रिळात आहे आणि ही घरात वावरते ती दुसरीच कुणीतरी. सवत आली असती तर तिच्या झिंज्या उपटल्या असत्या. माझी मीच सवत झाले, आता कुणाच्या उपटू? दिवसच्या दिवस या घरात कुणी कुणाशी बोलत नाही, आणि मला फार एकटं वाटतं.

परवा तुझा फोन आला तेव्हा दादा अंघोळीला गेला होता, म्हणून मी घेतला. दादाचं हॅलो आलं नाही, तेव्हा मीच असणार हे तू ओळखलंस. रिले सापडले, चारही, न वापरलेले, असं तू लहानपणीसारखा ओरडत होतास. दादाला आत्ता सांगू नकोस, एकदम हातात पडू दे, म्हणालास. मी पुन्हापुन्हा म्हणत होते की पाठवू नकोस. तुला ती नुसती खरखर वाटली, तू हॅलो हॅलो केलंस, लाइन खराब आहे म्हणालास आणि ठेवलास. तुझा काय दोष? घरात फोन एकच, त्यातले निरोप तोच वाचतो, म्हणून हे पत्र. माझी गाठ परत आली आहे. बोलायच्या वर्गाला जाते असं सांगून शेजारणीबरोबर जाऊन दाखवून आले. या वेळी डॉक्टर कापायचंही नाव काढत नाहीत. दादाला अजून माहीत नाही. हे मला त्याला पाटीवर लिहून सांगायचं नाही, तोंडानं सांगायचं आहे, आणि त्यासाठी त्यानं आधी माझं ऐकायला हवं. रिले आले तर तो त्या रिळातल्या पोरीपाशी दार लावून बसेल आणि मी बाहेर बोलून बोलून संपून जाईन. तेव्हा त्यानं विचारलं तर सापडले नाहीत असंच सांग. एवढं खोटं माझ्यासाठी बोल. एवढं करूनही तो माझं ऐकेल याची मला फारशी आशा नाही, पण दुसरं काही सुचत नाही. मी गेल्यावर मात्र ते पोस्टानं पाठवू नकोस, स्वतः घेऊन ये आणि शेजारी बसून त्याच्याकडून नीट बसवून घे. तेव्हा त्याला ते लागतील. आत्ता नकोत. आत्ता मी आहे.

तुझीच,
वहिनी