जिन्याखालची जागा

३ मार्च
बसस्टँड पाडणार! मामांनी सांगितलं आणि घास तसाच ताटात ठेवला. त्यांचं दुकान तिथेच, गोल जिन्याच्या पोटाखाली. बॅगांच्या चेनी बदलतात. मामी म्हणाली, "एक बिनकामाचा घरात आहेच, आता दोघं बसा." मी कधीच निघालो असतो — माझ्याच बॅगेची चेन तुटलीय. मामा रोज म्हणतात, "उद्या देतो." त्यांना मी राहायला हवाय, दुसरं काय!

५ मार्च
स्टँड वाचवायला समिती निघालीय. पुढारी एक वास्तुकार बाई. म्हणाल्या, "छप्पर बघ, कागदाला घडी घातल्यासारखं. आणि जिन्याला खाली एकही खांब नाही!" इतक्यांदा बघितला, खांब नाही हे आज दिसलं. दुपारभर खाली उताणा पडून होतो. एक कुत्रंही शेजारी येऊन पडलं. एकच कान होता त्याला — असो. सह्या गोळा करायचं काम मला दिलंय.

११ मार्च
सह्या मिळेनात. "ते सिमेंटचं भूत? पाडा की!" मामांनी मात्र कमाल केली. गिऱ्हाईक आलं की कागद पुढे — "आधी सही, मग चेन." एकाच्या पँटचीच चेन गेलेली. एका हाताने पँट धरून दुसऱ्याने सही केली बिचाऱ्याने! मामीसुद्धा हसली.

२ एप्रिल
वाचला! वाचला!!

२० मे
इमारत म्हणे "मूळ रूपात" आणायची. मागाहून घुसलेलं सगळं निघणार — पाट्या, पत्रे, मामा.
मी म्हटलं, "बाई, सगळ्यात जास्त सह्या त्यांनीच आणल्या!"
"कळतंय रे. पण जिन्याखालची मोकळी जागा हाच त्याचा प्राण आहे."
खरंच आहे ते. मलाही दिसतं, हीच तर गोची.

२१ मे
मामा बोलत नाहीत. मामी बोलते. "खाल्ल्या घरचे वासे मोजलेस."

४ जून
दुकान उचललं. शिलाई मशीन आता खाटेला खेटून. इथे कोण येतंय चेन बदलायला!
जिन्याखाली मोठी कुंडी ठेवलीय. विचारलं, "ही होती का मुळात?" मुकादम हसला. बाई नाही हसल्या.

१९ जून
मामा आज स्टँडचा तो जिना चढून आले. आयुष्यात पहिल्यांदा! चपला काढता काढता म्हणाले, "बाईंचं बरोबर आहे. खाली मी नसलो की छान दिसतो."

२० जून
सकाळी माझी बॅग दाराशी. चेन नवीकोरी.